राजदूतबाईंचा कोंबडा

फिलिपिन्सच्या राजदूत लुर्देस मागबानुआ जकार्तात आल्या, त्या आपल्या लाडक्या कोंबड्यासकट. समुद्रात हद्द चुकलेले त्यांच्या देशाचे काही कोळी इथे अटकेत होते, आणि ते प्रकरण ज्यांच्या हाती, ते सुरत्मानसाहेब भेटीची वेळच देत नव्हते. मग बाईंनी साहेबांच्या शेजारचाच बंगला भाड्याने घेतला आणि खुराडं नेमकं त्यांच्या खिडकीखाली ठेवलं.

दोनचार दिवसांतच भल्या पहाटे साहेब लुंगीवरच फाटकात उभे. "इबू, अहो बाईसाहेब, त्या कोंबड्याची मान मुरगळा, नाहीतर मी येतो सुरी घेऊन!"

"या की. कॉफी घ्या, आणि आमच्या कोळ्यांचं बोलू."

"अहो, हे ब्लॅकमेल आहे!"

"छे हो, ही द्विपक्षीय चर्चा आहे."

कोंबडा पुन्हा बोंबलला. साहेब आत आले आणि कपाळाला हात लावून कॉफीला बसले. दुसऱ्या कपाला मात्र त्यांनी हळूच विचारलं, "झुंजीचा का हो?" त्यांचे आजोबाही कोंबडे पाळायचे.

महिन्याभरात कोळी सुटले. मनिलाहून बाईंच्या 'संयमी मुत्सद्देगिरी'चं कौतुक आलं. बाईंना लाज वाटली, पण फार नाही. कोळी घरी पोचल्याचा फोन आला तेव्हा त्या खूप हसल्या, आणि थोड्या रडल्याही.