महिपतच्या राजाची उडी

“बाबा, याच्याजवळ इलाजच नाई,” असं म्हणत चैत्रालीने वडिलांचा जुना डाव घातलेला मोबाईल उद्धवरावांच्या नाकापुढे धरला. “वजीर मारला तरी मात, नाई मारला तरी मात. मशीन तुमाला शंभरपैकी शंभर देऊन राह्यलं.”

उद्धवराव चौतीस वर्षं या शंभराची वाट पाहत होते. आपण जिंकलो हे त्यांना ठाऊक होतं, पण खरोखर अचूक जिंकलो का, हे सांगणारं आदिलाबादेत कोण होतं? त्यांनी चैत्रालीला पुन्हा एकदा ऐकवलं की, बुद्धिबळाचा जुना जगज्जेता मिखाईल ताल असाच वजीर फेकायचा. समोरच्याला बचाव सापडायचा तो घरी गेल्यावर, जेवताना. चैत्रालीने हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ती मान हलवत बँकेत निघून गेली.

माणसं सकाळी कुलदैवताचं नाव घेतात, उद्धवराव ताल, अँडरसन, मॉर्फी, नेझमेत्दिनोव यांची नावं घ्यायचे. हत्ती द्या, उंट द्या, वजीर द्या, पण राजाला उघड्यावर ओढा, असं सांगणारी ही सगळी मंडळी. गंमत अशी की तालुक्यासारख्या एका मंडलाच्या महसूल कचेरीत सुपरिंटेंडेंट असलेल्या या माणसाला टेबलावरची फाईल डावीकडून उजवीकडे सरकवायला आठ-आठ महिने लागत. तोच माणूस पटावर बसला की दहाव्या चालीला रक्त मागायचा. घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही, साहेबांपुढे तर नाहीच नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी हल्ला केला तो चौसष्ट घरांतच.

तो डाव झाला एक्याण्णव साली, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दोन दिवस आधी, कचेरीच्या व्हरांड्यात. मुलाजिमांची, म्हणजे कर्मचाऱ्यांची स्पर्धा होती आणि अंतिम सामन्यात समोर होता महिपत. वांकिडीकडचा, रोजंदारीवरचा अटेंडर, सगळ्यांना पाणी देणारा. त्याने त्या दिवशी वरच्या चौघांना पाणी पाजूनच अंतिम फेरी गाठली होती. विसाव्या चालीला उद्धवरावांनी वजीर उचलला आणि सरळ महिपतच्या हत्तीच्या तोंडी दिला. महिपतने बराच वेळ पटाकडे पाहिलं, मग वजीर मारला. पुढे तीन चालींत घोड्याने मात. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, मिरची भजी आली. त्या टाळ्यांवर उद्धवरावांचा पुढचा सगळा जन्म निघाला, निवृत्तीसुद्धा.

चैत्राली गेल्यावर त्यांनी खुशीखुशीत निर्मलहून आणलेली तांबडी-हिरवी बुद्धिबळाची मोहरी काढली आणि तो डाव मांडला. वजीर दिला त्या घरात वजीर ठेवला. महिपतचा राजा त्याच्या मूळ घरात ठेवला. आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

कचेरीत खेळायचे तो देशी डाव. त्यात राजाला एक सवलत असते. जोवर त्याला एकही शह बसलेला नाही, तोवर त्याला सगळ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. म्हणून जाणते खेळाडू आधी काहीतरी देऊन एक शह घालतात, राजाची उडी मोडतात आणि मगच हल्ला चढवतात. उद्धवरावांनी शेकडो डावांत हे केलं होतं. या एका डावात हल्ल्याच्या भरात ते विसरले होते. महिपतच्या राजाला तोवर एकही शह बसला नव्हता. फोनला बिचाऱ्याला ही उडी काय माहीत! त्यांनी महिपतचा हिरवा राजा उचलला आणि अडीच घरांवर, उंटाच्या आडोशाला ठेवला. त्यांचा वजीर तसाच हत्तीच्या तोंडी राहिला. मात कुठेच नव्हती. वजीर मागे घेतला तरी आधी दिलेल्या मोहऱ्यांपायी हाती उरलं होतं ते हरणं.

आता त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, जी त्यांनी इतकी वर्षं भलत्याच कौतुकाने सांगितली होती. वजीर मारण्याआधी महिपतचा हात राजावर गेला होता, क्षणभर घुटमळला होता आणि मागे आला होता. हरणाऱ्याचा हात कापतो तो असा, असं ते लोकांना सांगत.

पुढचे आठ दिवस घरात तो राजा फिरत होता. न्हाणीघरातल्या फरशांवर तो अडीच घरं उडायचा. चौकटीच्या टॉवेलवर उडायचा. ताटातली भाकरी तशीच राहायची आणि चैत्राली विचारायची, बाबा, बरं नाही का. काय सांगणार? महिपतला नोकरीत कायम करण्याची मिसल, म्हणजे फाईल, त्या वेळी अकरा महिने त्यांच्या टेबलावर पडून होती. डावाच्या दुसऱ्या दिवशी, भज्यांची चव तोंडात असतानाच, त्यांनी आनंदाने तिच्यावर दस्तखत करून ती वर पाठवली होती. महिपतला उडी दिसली नव्हती, की दिसूनही त्याने मारली नव्हती? हे कळल्याशिवाय आता डोळा लागणार नव्हता. महिपत दोन वर्षांपूर्वी वारला होता. तेव्हा उद्धवरावांच्या गुडघ्याने त्यांना जाऊ दिलं नव्हतं, आता तोच गुडघा घेऊन ते बसमध्ये चढले.

आसिफाबादला गाडी बदलून ते वांकिडीजवळच्या त्या गावी पोचले तेव्हा अंगणात कापूस वाळत होता. महिपतच्या बायकोने, बयनाबाईने, त्यांना नावानिशी ओळखलं. पदराने खुर्ची पुसून दिली आणि आपण उंबऱ्यावर बसली. सुनेला तिने चहा ठेवायला सांगितलं. मग मुलाबाळांची चौकशी झाली, पेन्शन वेळेवर येते का तेही झालं. महिपतचा खाकी गणवेशातला फोटो भिंतीवर होता. त्याच्याकडे न पाहता उद्धवरावांनी विचारलं की, त्या उगादीच्या डावाबद्दल महिपत घरी कधी काही बोलला होता का.

“बोलले ना,” बयनाबाई म्हणाली. “त्या सांजेला घरी आले, न चुलीतला कोयसा घेऊन भुईवर घरं आखली. मले बुद्धिबळातलं काय समजते? पन दाखवलं त्याईनं. म्हने, राजा इथून असा निंघत व्हता.” तिने बोट मातीवर ठेवलं आणि दोन घरं पुढे, एक बाजूला असं उचलून टाकलं. बोट अगदी बरोबर घरात पडलं.

“मग काऊन नाही काढला?” उद्धवरावांनी तिच्या बोटाकडे पाहत विचारलं.

“मीबी हेच इचारलं. त म्हने, माही फाईल त्याईच्या टेबलावर हाय. राजा काढला असता त फाईल तिथंच राह्यली असती.” ती हे पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होती, कुठे राग नव्हता. “अन् दुसऱ्या दिशी तुमी सही केली. मंग आमाले समजलं, का सायबाले मालूम हाय. ते मरेपर्यंत म्हनत, सायबानं वयखलं, कोन जिंकलं ते. सायब बोलले नाई, पन सही करून सांगतलं.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “तुमाले मालूम व्हतं ना, सायब?”

उद्धवरावांना वाटलं, ओरडून सांगावं की नाही, देवाशपथ नाही. मी तुमच्या नवऱ्याकडून काही उकळलं नाही. मला खरंच वाटलं की मी जिंकलो. ते खरं होतं आणि ते सांगितलं असतं तर त्यांची अब्रू वाचली असती. पण मग महिपतचं काय उरलं असतं? एक मूर्ख साहेब, आणि त्याच्यासमोर कुणाच्याही नकळत हरलेला एक अटेंडर. तो ज्या एका गोष्टीवर तीस वर्षं ताठ मानेने पाणी देत राहिला, साहेबांनी ओळखल्याची ती गोष्टच घडलेली नव्हती.

“हो,” ते म्हणाले. “मालूम होतं. महिपतच जिंकला होता.”

बयनाबाईने मान हलवली. नवीन काही कळल्यासारखी नाही, हिशेब जुळल्यासारखीही नाही, नुसती हलवली. मग ती चुलीकडे वळून सुनेला म्हणाली, “आयकलं का वं? सायबाले मालूम व्हतं.” तिचा आवाज त्या दुपारी पहिल्यांदाच हसरा झाला होता. आतून सुनेने चहा आणला. बयनाबाईने कप त्यांच्या हातात दिला आणि साखर कमी असेल तर सांगा म्हणाली. साखर टाकायची राहूनच गेली होती. उद्धवरावांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि कप रिकामा केला.