ड्रिलखालून सुटलेली डायल

मी कथलाच्या खाणीत दिशा मोजायला वापरलेली पितळी डायल बोलतेय. माझ्या मधोमध होकायंत्र, कडेला अंशांच्या खुणा आणि समोरासमोर दोन उभ्या फटी. त्या फटींना डोळा लावून खाणीचा मोजणीदार जेगो ट्रेगेंझा अंधारातला बोगदा कुठे वळवायचा ते ठरवायचा. वर आल्यावर तो आधी मला पुसायचा, मग स्वतःचं तोंड.

पुढे खाण बंद पडली, जेगोही गेला. नातवंडांनी घर आवरलं तेव्हा मी ट्रूरो शहरातल्या नॅनकिव्हेलच्या दुकानात आले. हा माणूस जुन्या यंत्रांचे टेबलावरचे दिवे करून विकायचा. माझ्या शेजारच्या दुर्बीण लावलेल्या मोजणीयंत्राला त्यानं इतकं घासलं की त्याचे आकडेच पुसले गेले. मग पोटातून वायर ओवली आणि डोक्यावर झालरीची टोपी चढवली. एका हॉटेलवालीला अशा दिव्यांची जोडी हवी होती. दुसरी मी. माझ्या पोटावर भोकासाठी पेन्सिलीनं फुली पडली.

त्याच सकाळी हेडली रोस्कार आणि त्याची बायको लव्हडे चहाची किटली शोधत दुकानात शिरले. हेडली निवृत्त शाळामास्तर. जुनी मोजणीयंत्रं जमवायचा त्याला नाद. माझं काळवंडलेलं मूळ रोगण, कारागिराचं कोरलेलं नाव तो पाहत राहिला. जेगोच्या अंगठ्यानं कडेला एक खळगा झिजला होता. हेडलीनं तिथे आपला अंगठा टेकवला.

"हिला भोक पाडू नका," तो म्हणाला.

नॅनकिव्हेलनं नकारार्थी मान हलवली. हॉटेलवालीला शब्द दिला होता. हेडलीनं माझ्यावरचा अंगठा काही उचलला नाही.

लव्हडे या छंदाला विटलेली. घरात माणसांना बसायला जागा नाही, पितळेला आहे, असं ती येता-जाता ऐकवायची. पण नवऱ्याचा चेहरा पाहून तीच पुढे झाली.

"हॉटेलला पितळी दिवाच हवाय ना? माझ्या सासूबाईंचा आहे, चांगला घसघशीत. लग्न झाल्यापासून पुसतेय मी. तो घ्या आणि ही आम्हाला द्या."

"अगं, तो आईचा..."

"आईंचा आहे म्हणूनच देतेय."

दुकानदाराला हसू आवरेना. त्यानं हातातलं ड्रिल खाली ठेवलं आणि माझ्या जिवात जीव आला.

आता मी त्यांच्या खिडकीशी असते. हेडली मऊ फडक्यानं नुसती धूळ टिपतो. माझी एखादी बहीण तुमच्या घरी असेल तर तिलाही घासूनपुसून नवी करू नका. तिच्या अंगावर कुणाचे तरी हात उमटलेले असतात.

परवा हेडलीनं माझी अडकवून ठेवलेली सुई मोकळी केली. ती थरथरली, फिरली आणि उत्तरेला जाऊन थांबली. लव्हडे चहा घेऊन येत होती.

"अजून चालते की ही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.