सासूबाईंचा नेम

मी जुने कॉम्प्युटर गेम उजळतो. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेममधली धूसर भिंत काढून तिथे खऱ्या भिंतीचा फोटो बसवतो. याला काम म्हणतात, हे माझी बायको वियोला अजून मानत नाही.

या खेपेला एक किल्ला हाती घेतला होता. त्याला शोभेल अशी विटांची भिंत पोलंडमधल्या आमच्या शेड्ल्त्से गावाच्या आसपास एकच उरली होती, माझ्या सासऱ्यांच्या घराची मागची. थंडी अडवायला सोमवारी तिच्यावर थर्माकोल चढणार होता. फोटोला ढगाळ हवा लागते, सावली पडली की भिंत वाया जाते. आणि ऊन काही हटेना. तीन दिवस मी चेरीच्या झाडाखाली आभाळाकडे बघत बसलो. शेजारीण वियोलाला विचारून गेली, नवऱ्याची तब्येत बरी आहे ना.

रविवारी ढग आले. मी फोटो काढायला लागलो, तेवढ्यात सासरे, झेनोन, मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विटांमधली मुठीएवढी खोक दाखवली. आमच्या लग्नाआधी गेनोवेफा सासूबाईंनी भांडणात इस्त्री भिरकावली होती. जी खोक यांच्या डोक्याला पडायची, ती भिंतीला पडली. सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

"ही तेवढी नीट घे," ते म्हणाले.

मी घेतली आणि घरी येऊन फोटोतून पुसून टाकली. आमच्या धंद्यात तसा नियमच आहे. एकच फोटो अख्ख्या किल्ल्याला लागतो. त्यात एखादी खूण राहिली तर ती दर तीन पावलांवर दिसते, आणि लोक हसतात.

महिन्याने सासरे आले. त्यांची भिंत तोवर थर्माकोलखाली जाऊन वरून पिवळीधमक झाली होती. पिएरोगींना, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांना, हात न लावता ते पडद्यासमोर बसले आणि किल्ल्याच्या भिंती चाचपत हिंडले.

"खोक कुठाय?"

मी नियम सांगितला. ते टोपी घालून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मी खोक परत घातली. गेम खेळणाऱ्या लोकांनी मला धू धू धुतलं. किल्ल्याला देवी आल्यात का, असंही एकाने विचारलं. मी सासऱ्यांना बोलावलं.

ते बुरुजावर चढले, तळघरात उतरले. जिकडेतिकडे तीच खोक. फोटो एकच असल्यामुळे असं होतं, चालवून घ्या, मी चाचरत म्हणालो.

"बरोबरच आहे की," डोळे पुसत ते म्हणाले. "तिच्या फेकाफेकीतलं मी तुला एकदाचंच सांगितलं होतं, जावईबापू."