चढावर दम टाकणारी बस

डेपोच्या वर्कशॉपात गाड्यांचे बिघाड शोधणारा टेस्टर बसच्या स्टिअरिंगखाली उताणा पडला होता. डोके पेडलला टेकलेले, पाय दाराबाहेर, दातांत बारीकशी बॅटरी. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमागून निघणारी वायरींची जुडी त्याने बोटांनी चाचपली, एकेक वायर हलवून, ओढून पाहिली आणि मीटरचे टोक प्रत्येक पिनेला लावून आकडा वाचला. आकडे बरोबर होते. गेले काही आठवडे ते बरोबरच येत होते आणि हेच खरे दुखणे होते.

"मिळालं का काही?" वरून दाजींनी विचारले.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, दाजी. पेशंट तेवढा रोज चक्कर येऊन पडतोय."

दाजी हसले नाहीत. एरवी असल्या विनोदाला आधी त्यांचाच आवाज यायचा.

बसला डेपोत सगळे थोरली म्हणत. तिथल्या गाड्यांत ती वयाने सर्वांत मोठी. इंजिनावर कंप्युटर बसवायला जेव्हा नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाचा तिचा जन्म. त्यामुळे जुन्या मिस्त्रींच्या हातोड्याला ती दाद देत नसे आणि नव्या स्कॅनरशी जेमतेम दोन शब्द बोले. तक्रार एकच होती. टेकडीवरच्या वस्तीकडे जाताना लांबलचक चढ लागतो. तिथे अर्ध्यावर अचानक तिचा जीव जायचा. इंजिन बंद पडायचे नाही, नुसते ढिले व्हायचे. दोन-चार क्षणांनी पुन्हा जोर यायचा. डॅशबोर्डवर दिवा लागत नसे, स्कॅनरमध्ये बिघाडाची नोंद नसे. मागच्या आठवड्यात तर ती गच्च भरलेली असताना मागे घरंगळली होती. आतली माणसे ओरडली, एका बाईने पोराला खिडकीतून बाहेर द्यायची तयारी केली, आणि दाजींनी कसाबसा ब्रेक लावला.

टेस्टरने डिझेलचे फिल्टर बदलले, पंपाचा सेन्सर बदलला, वायरिंग उकलून पुन्हा बांधले, शेवटी भंगारात निघालेल्या एका गाडीचा कंप्युटर आणून बसवला. फरक शून्य. गंमत म्हणजे तो स्वतः चालवायला बसला की थोरली नव्या सुनेसारखी निमूट वागायची. डॉक्टरसमोर दात दुखायचा थांबतो, तसलाच प्रकार असेल, असे त्याने मनाशी ठरवले होते.

सकाळी फोरमन येऊन सांगून गेले होते, "आज सापडलं तर सापडलं. नाहीतर मागे भंगाराच्या रांगेत उभी करा तिला. एखाद्या दिवशी माणसं मारेल ही."

टेस्टर सरपटत बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. दाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच होते. त्याच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्याला या वर्कशॉपात चिकटवले ते यांनीच, आणि गाडी चालवायलाही यांनीच शिकवले. दवाखान्यात दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा चेहरा करून ते त्याच्याकडे बघत होते.

"पेडलच बदलून बघायचं का?" ते म्हणाले.

"बघू. पण आधी एक फेरी मारू. तुम्ही चालवा, नेहमीसारखी. मी लॅपटॉप लावून बसतो शेजारी."

"मी कशाला? तूच चालव की."

"माझ्या हातात ती नखरे करत नाही, दाजी. तुमचीच सवय तिला."

दाजींनी सीट पुढे ओढून घेतली. मग त्यांनी चावी फिरवली.

सीटांवर वाळूची पोती टाकून बस निघाली. टेस्टर इंजिनाच्या झाकणावर फतकल मारून बसला, लॅपटॉप मांडीवर. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या, एक लाल, एक निळी. पेडलखाली सेन्सर दोन असतात. एक खोटे बोलला तर दुसऱ्याने पकडावा म्हणून. पाय दाबला की दोन्ही रेघा वर, सोडला की दोन्ही खाली. दोघींची फारकत झाली की समजायचे, चोर सापडला. टेस्टर त्या फारकतीची वाट बघत होता. बाजार मागे गेला, शाळेची भिंत गेली, पेट्रोल पंप गेला. रेघा जुळ्या बहिणींसारख्या चालल्या होत्या.

चढ सुरू झाला. दाजींनी गिअर उतरवला. रेघा वर गेल्या आणि वरच थांबल्या. इंजिन घशातून गुरगुरत वर चढू लागले. पहिले वळण गेले, दुसरे गेले.

मग दोन्ही रेघा एकदम खाली आल्या. हातात हात घालून विहिरीत उडी घ्यावी, तशा.

"बघ! बघ, गेली ना!" दाजी ओरडले. "पूर्ण दाबून धरलंय मी, आणि ही बघ कशी मेल्यासारखी झाली!"

टेस्टरने पडद्यावरून नजर काढली आणि खाली पाहिले. दाजींचा गुडघा ताठ होता, मांडीचा स्नायू पॅन्टमधून दिसेल इतका आवळलेला. पण बूट पेडलवर नव्हता. तो उजवीकडे घसरून पत्र्याला टेकला होता आणि दाजी सगळा जोर लावून तो पत्राच दाबत होते. पेडल शेजारी मोकळे, वर आलेले.

"दाजी, ब्रेक. हँडब्रेक ओढा."

बस थांबली. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. दाजींनी रस्त्यावरची नजर हळूहळू खाली आणली. स्वतःच्या बुटाकडे ते असे बघत राहिले, जणू कुणीतरी आपला पाय तिथे विसरून गेले आहे.

"घसरला असेल," ते म्हणाले.

"कळलं नाही तुम्हाला?"

"झोपतो तो कधीमधी. मुंग्या येतात. साखरेमुळे होतं म्हणे तसं." आणि मग घाईघाईने, "पण दाबलेलं कळतं मला. एवढी वर्षं चालवतोय, मला कळणार नाही होय?"

टेस्टरने लॅपटॉप मिटला, खाली उतरून चाकांना दगड लावले, परत वर आला आणि दाजींच्या पायाशी बसला.

"बूट काढा."

"इथे कुठे रस्त्यात—"

"काढा म्हटलं ना."

त्याने स्वतःच नाडी सोडली. बूट उलटा केला तसा आतून एक नट टपकन पत्र्यावर पडला आणि गडगडत दाराकडे गेला. वर्कशॉपात पायाखाली असे ढिगाने असतात. मोजा तळव्याला चिकटला होता. टेस्टरने तो पाण्याने भिजवून हलक्या हाताने सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला होता, कडेने काळा, मध्ये ओला. वास आला. टेस्टरने तोंड वळवले नाही.

"दुखत नाही?"

"काय दुखायचंय?" दाजींनी वाकून बघितले. मग त्यांचा आवाज खाली गेला. "हे कधी झालं रे?"

खाली गाव होते, छपरे उन्हात चकाकत होती. वरच्या वस्तीकडे एक म्हातारा सायकल ढकलत चालला होता. थांबलेल्या बसकडे बघून त्याने मान हलवली, रोजचेच आहे म्हणून.

"फोरमनला सांग, सापडलं नाही," दाजी म्हणाले.

"मग हिला भंगारात काढतील."

"काढू दे. तिचं वय झालंय. मला दुसरी देतील."

"आणि दुसरीत?"

दाजींनी खिडकीबाहेर पाहिले. बराच वेळ त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते, गाडी चालू असल्यासारखे. मग त्यांनी हात काढले आणि दांड्याला धरून, एक पाय उघडा, ते सीटवरून उठले. टेस्टर त्यांच्या जागी बसला. वाळूसकट थोरली टेकडीच्या माथ्यापर्यंत एका दमात चढली, कुठेही न कचरता. मागच्या सीटवरून दाजी ते ऐकत होते. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस होता तो. त्याला निराळे काही सांगायची गरज नव्हती.

डेपोत फोरमन फाटकाशीच भेटले.

"काय निघालं?"

टेस्टरने तोंड उघडले, पण त्याच्याआधी दाजीच पायरीवरून बोलले.

"गाडी चांगली आहे, साहेब. दुसरा ड्रायव्हर द्या तिला."

फोरमननी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग फडके गुंडाळलेल्या पायाकडे, आणि रागवायला उचललेला हात खाली घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय धुतला, टाचणी टोचत टोचत वर गेले. घोट्याच्याही वर गेल्यावर दाजी पहिल्यांदा "हां" म्हणाले. त्यांना तिथेच ठेवून घेतले. अंगठा तर जाईलच, असे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. वर किती जाईल ते दोन दिवसांनी बघू.

टेस्टर कपडे घ्यायला बहिणीकडे आला तेव्हा ऊन कलले होते. दारात दाजींच्या चपला होत्या. त्याने आपल्या चपला काढताना सहज पाहिले आणि तो तिथेच थांबला. दोन्ही चपलांना मागून इलॅस्टिकची पट्टी शिवली होती, लहान पोरांच्या चपलांना शिवतात तशी, पायातून नकळत निघू नयेत म्हणून. टाके बारीक, नेटके होते, ताईच्या हातचे. पट्टी वापरून मळली होती.

बहीण आतून आली. इस्त्री करायला घेतलेला गणवेशाचा शर्ट तिच्या हातावर होता. तिने भावाच्या मागे पाहिले. तिथे कुणी नव्हते. मग तो काय बघतो आहे ते तिला दिसले.

"ताई, त्यांना दवाखान्यात ठेवलंय," तो म्हणाला. "कपडे दे थोडे."

तिने मान डोलावली. शर्टाची कॉलर अंगठ्याने दाबत ती उभी राहिली.

"गाडीत काय निघालं?"

"काही नाही."

"एखादी वायर? काही तुटलंबिटलं?"

"नाही ग. गाडी चांगली आहे."

तिने शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"नीट बघितलंस ना रे?" ती म्हणाली. "उद्या उजेडात अजून एकदा बघ."