खेर्टचा नदीवरचा आवाज

माझ्या धाकट्या भावाला, खेर्टला, दोन आवाज आहेत. एक घरातला. त्यात "मीठ दे", "पाव संपलाय" आणि "हं" एवढंच येतं. दुसरा नदीवरचा. तो ऐकायचा तर त्याच्या बायकोच्या, नेल्चेच्या, स्वयंपाकघरात बसावं लागतं. तिथे फडताळावर जहाजांचा रेडिओ दिवसभर खरखरत असतो.

खेर्ट नदीच्या दारावर कामाला आहे. दोन बुरुजांमध्ये ते पोलादी दार एरवी वर टांगलेलं असतं आणि जहाजं खालून ये-जा करतात. वादळ समुद्राचं पाणी नदीत ढकलायला लागलं की दार खाली येतं, आणि बांधाआडची आमची घरं, जी नदीहूनही खाली आहेत, कोरडी राहतात. तेव्हा बाहेर उरलेल्या जहाजांसाठी शेजारी दोन दारांचा हौद आहे. जहाज आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, पाणी सारखं करायचं, पुढचं उघडायचं. वेळखाऊ काम आहे, पण रॉटरडॅमचा माल अडून राहत नाही.

नेल्चेला या कशाचं काही पडलेलं नव्हतं. तिचं दुखणं एकच, फेमके. ही वाळूच्या बोटीची कप्तान. दाराजवळ आली की रेडिओवर विचारायची, "खेर्ट, आहेस का?" आणि आमचा खेर्ट, ज्याच्या तोंडून घरात शब्द काढायचा तर सांडशी लागते, तो लोण्यासारखा म्हणायचा, "आहे गं. ये सावकाश."

"ऐकलंत ताई? 'आहे गं'!" नेल्चे मला म्हणायची. "मी हाक मारली तर म्हणतो, 'आता काय?'"

"आवाजावरून तरुण वाटते हो," मी म्हणायचे. नणंद आहे मी शेवटी, आगीत तेल ओतायला हात आखडता कशाला घेऊ?

नोव्हेंबरात नेल्चेचा वाढदिवस होता. सकाळीच खुर्च्या गोल मांडल्या होत्या. येणाऱ्याने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी तिचं अभिनंदन केलं, मग तिच्या नवऱ्याचं, मग माझं, जसं काही तिला जन्माला घालण्यात माझाही हात होता. केकवर सुरी ठेवली आणि खेर्टचा फोन वाजला. समुद्र चढत होता. त्याने उभ्याउभ्या कोट चढवला, "निघतो" म्हणाला आणि गेला. वारा बघून पाहुणेही पांगले. त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये आम्ही दोघीच उरलो.

"आजच्या दिवशीसुद्धा!" नेल्चे म्हणाली. "ताई, हा दाराकडे पळाला की तिच्याकडे, ते सांगा मला."

मी केक खात होते.

रेडिओवर खेर्ट बोलू लागला. सर्व जहाजांना सूचना, दार लवकरच खाली येणार, मागे असलेल्यांनी हौदाकडे वळावं. तेवढ्यात तिचा आवाज आला, "खेर्ट, आहेस का? वळणावर पोचलेय. दाराखालून घेशील?"

"आहे गं. पाणी अजून खुणेला लागलेलं नाही. ये, घाई करू नकोस. मी आहे."

नेल्चे लालबुंद झाली. "तिच्यासाठी दार उघडं ठेवतोय! गाव बुडालं तरी चालेल, बाईसाहेब आत आल्या पाहिजेत!"

तो रेडिओ नेल्चेच्या वडिलांच्या बोटीवरचा, नुसता ऐकायला ठेवलेला. त्याचं बटण दाबायचं नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण दाबून बोललं की आसपासच्या प्रत्येक जहाजात ऐकू जातं. नेल्चेने ते दाबलं.

"खेर्ट! तिला 'गं' म्हणतोस, तिच्यासाठी गावाचं दार उघडं ठेवतोस, आणि आज माझा वाढदिवस आहे हे तरी आहे का तुझ्या डोक्यात?"

मग बटण सुटलं. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. पण खेर्टची पंचाईतही दिसत होती. फेमकेला आत घेतलं तर अख्खी नदी म्हणणार, बायको बरोबर बोलली. बाहेर ठेवलं तर ती विनाकारण लाटांत हेलपाटणार.

"हा चॅनेल जहाजांसाठी आहे," खेर्ट घरच्या आवाजात म्हणाला. मग परत लोणी. "फेमके, ये. डाव्या अंगाने."

काही वेळाने ती बोलली, "आले आत. आणि खेर्ट, बायकोच्या वाढदिवसाचं अभिनंदन."

"दार खाली सोडतोय," खेर्ट म्हणाला.

त्यावर एक घोगरा आवाज आला. क्रेलिस, डुकरांचं खाद्य वाहणारा म्हातारा, ज्याच्या वाऱ्याला आम्ही कुणी उभे राहत नाही. "खेर्ट, आहेस का? उशीर झाला रे मला. आणि हो, अभिनंदन."

"आहे रे. दार आता थांबवता येणार नाही. हौदाकडे वळ. दिसतोयस तू मला. सावकाश ये, मी आहे."

तोच आवाज. तसूभर फरक नाही.

नेल्चे मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "एका फेमकेला मी बघून घेतलं असतं, ताई. हा तर क्रेलिसलासुद्धा... सगळ्या नदीला वाटून माझ्या वाट्याला काय, 'मीठ दे'?"

पाणी ओसरलं, दार वर गेलं, आणि संध्याकाळी खेर्ट आला. कान लालभडक झाले होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजाने त्याचं अभिनंदन केलं होतं.

"कॉफी आहे?"

"नीट विचार," नेल्चे म्हणाली.

"नीट म्हणजे?"

"क्रेलिसशी बोलतोस तसं."

त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "नेल्चे, ती कॉफी..." करवतीसारखा आवाज. जमेना बिचाऱ्याला. मग त्याने खुर्ची फिरवली, आमच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेरच्या बांधाकडे बघत बसला.

"नेल्चे," तो म्हणाला, "आहेस का?"

तिने हातातली केकची ताटली खाली ठेवली. "आहे रे."

"ये सावकाश. मी आहे."

मी कोट उचलला आणि बाहेर पडले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई गेल्यावर या पोराला मी वाढवलं, मी शाळेत पोचवलं, तापात रात्ररात्र मी उशाशी बसले. त्या आवाजात त्याने मला कधी साधी हाकही मारलेली नाही. घरी जाऊन दिवा न लावता बसले आणि नेल्चेवर जळले, अगदी मनापासून.