बारा रविवारांचे कागद

कागद बारा हवे होते, निघाले दोनशेच्या वर. नर्सबाई ते एकेक उलटू लागल्या, तशी ताईची ऐट उतरू लागली. दवाखान्यात शिरताना ती फाइल अशी मिरवत होती, जणू धाकट्या भावाचा पहिला नंबर आलाय.

धाकटा शाळेची व्हॅन चालवायचा. आजाराची तेजी आली की त्याला झोप नको, तोंडाचा पट्टा थांबायला नको. मागच्या खेपेला रिकामी व्हॅन घेऊन तीन दिवस बेपत्ता होता. तेव्हापासून किल्ली ताईच्या कपाटात. डॉक्टरांची अट साधी होती. झोप कमी झालीय का, बोलणं वाढलंय का, अंगात भलताच उत्साह आलाय का, असा पाच प्रश्नांचा कागद त्याने दर रविवारी स्वतः भरायचा. बारा रविवार नीट गेले, की कागद बघून किल्लीचं ठरवू.

बाराही कागदांवर शून्य, म्हणजे त्रास काहीच नाही. आज सकाळी नेमका बदली ड्रायव्हर आला नाही. "ताई, पोरं रस्त्यात ताटकळतील गं!" तो म्हणाला. आठवडाभर शीळ घालत घर आवरत होता बिचारा. दवाखाना उघडायला तासच होता, तासाभरात काय बिघडतंय, म्हणून तिने किल्ली दिली.

"मागचे कोरे असतील," ताई म्हणाली. "गठ्ठाच दिला होता ना तुम्ही?"

"कोरे कुठले! तारखा बघा."

पुढचा रविवार: शून्य. पुढच्या वर्षीचे सगळे रविवार: शून्य. शेवटच्या कागदाखाली त्याच निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'चार वर्षांचं काम एका बैठकीत उरकलं. झपाटा बघा माझा!'

ताईने तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" नर्सबाईंनी विचारलं. तिने भिंतीकडे पाहिलं. शाळा दहाची, घड्याळात सव्वादहा. तिने धाकट्याला फोन लावला.

"बोल ताई!" पाठीमागे पोरांचा नुसता कल्ला.

"पोरांना शाळेत सोडलंस ना रे?"

"शाळा काय, रोजचीच! अगं, चौदातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही!"

समुद्र चारशे किलोमीटरवर होता.

"गाडी थांबव, राजा. माझं ऐक, आत्ता थांबव."

"थांबवतो की," तो हसत म्हणाला, "पोचल्यावर."