न विचारता घेतलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. करड्या रंगाचा, झाकणाची एक बिजागरी सैल झालेला. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली पाचोऱ्याच्या एका फोटो स्टुडिओत. लोकांच्या फाटक्या, पिवळ्या पडलेल्या फोटोंना मी नवं रूप दिलं. "हा एक रेघही सोडत नाही," असं मालक कौतुकानं म्हणत. पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो.

तिथून मला साक्षीनं पाचोऱ्यातल्याच आपल्या घरी आणलं. ती जळगावला चित्रकला शिकलेली. तिचे वडील कौतिकआबा ट्रक रंगवायचे. फैजपूरकडून केळी भरून निघणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या मागच्या फाळक्यांवर त्यांचे मोर नाचत. त्या नक्षीच्या दहा वह्या होत्या. "आबा, कागद कुजायला लागलेत. स्कॅन करून जपून ठेवते," साक्षी म्हणाली. आबांनी वह्या दिल्या. मग पेटी उघडून तिच्यातली अकरावी वहीही दिली.

तिच्यात मोर नव्हते. एकच बाई होती, पानोपानी. भाकरी थापताना, केस विंचरताना, हसू दाबताना. ती द्रौपदाबाई, साक्षीची आई. साक्षी सहा वर्षांची असताना ती गेली. ही वही आबांनी आजवर कुणालाच दाखवली नव्हती.

साक्षी संगणकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रं काढून घेण्याचे प्रयोग करी. मी टिपलेल्या रेषा तिनं त्या यंत्राला शिकवल्या. शंभर चित्रं येत, ती नव्वद टाकून देई, उरलेल्यांवर स्वतः रंग चढवी. मेहनत खरी होती, हे मी नाकारणार नाही. एकदा तिनं त्या यंत्राला लिहिलं, 'आई आज साठीची असती तर.' पडद्यावर पांढऱ्या केसांची द्रौपदाबाई उमटली. साक्षी ढसाढसा रडली. आणि तेच चित्र तिनं जळगावच्या प्रदर्शनात लावलं.

चित्रं कशी घडली हे दाखवायला मलाही तिथे मांडलं होतं. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. भिंतीवर आपल्या वळणाचे मोर पाहून खुलले. मग त्या चित्रापुढे थबकले. खाली फक्त साक्षीचं नाव होतं.

"हाई तुनी माय शे?" आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"हो आबा. आज असती तर अशीच दिसली असती."

"ती म्हतारी व्हयनीच नही, बेटा. मी तुले वह्या संभाळाले दिन्यात, गावले दखाडाले नही. एक डाव माले इचारी लेती."

साक्षीनं चित्र तिथल्या तिथे उतरवलं. पण तोवर ते मोबाइलवरून पाचोऱ्यात पोचलं होतं. "वहिनी छान दिसतात हो," असं कुणीतरी आबांना रस्त्यात म्हणालंसुद्धा! आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

दगा त्यांच्याशी झाला आणि तो माझ्या काचेवरून झाला. 'जपून ठेवते' हे शब्द मीही खरे मानले होते.

साक्षीनं माफी मागितली, सगळ्या फायली पुसल्या. यंत्र शिकलेलं विसरतं का, हे मात्र तिलाही सांगता आलं नाही. आबा तिच्याशी बोलतात. पण ती जवळ आली की हातातला कागद पालथा ठेवतात.

परवा एका नव्या मोराचा कागद मात्र पालथा ठेवायचा राहिला.

"आबा, हा स्कॅन करू?" साक्षीनं दारातूनच विचारलं.

"नको."

तिनं परत येऊन माझं झाकण लावलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना 'नाही' म्हणता येत नाही. काचेवर ठेवाल ते आम्ही घेतो. म्हणून ज्याची रेघ, ज्याचा चेहरा, त्याला आधी विचारा. आणि तो 'नको' म्हणाला, तर तिथेच थांबा.